अकरा वाक्यं

माझ्या वाट्याला अकरा वाक्यं.
त्यांतली चार "चहा ठेवते"च्या जातीची,
एक "दादा, दार उघड",
उरलेली सहा डॉक्टरांशी.
दांडिया बाजारातल्या हॉलवर, मंगळवार-शुक्रवार, साडेसातनंतर,
जिन्याखालून सेवउसळीचा वास वर येतो
आणि सबनीस सर विचारतात,
"कुंदा, या प्रवेशात बहिणीला हवंय काय?"

मी म्हटलं, झोप.
सगळे हसले. सरांनी वहीत टिपलं नाही.

नायक शिर्के, रिफायनरीत शिफ्ट इन्चार्ज.
वेड म्हणजे केस विस्कटणं, बोटं थरथरणं
आणि फळ्यावर खडू मोडणं,
असं त्यानं ठरवूनच टाकलेलं.
मोडायचा बिचारा, तालमीला तीन-तीन खडू.

मी कुणाला बोलले नव्हते
की आमच्या दिगूदादानं
विद्यापीठाच्या घुमटाखाली सुवर्णपदक घेतलं, त्याच वर्षी
कागद सोडून
स्वैपाकघराच्या भिंतीवर कोळशानं लिहायला घेतलं होतं.
ओट्यापासून वर, स्टुलावर चढून,
फडताळाच्या आतसुद्धा.
त्याची बोटं थरथरत नव्हती. ओळी सरळ, शिरोरेघ मारल्यासारख्या.
थरथरायची आई, चुन्याची बादली धरून.
शेजारच्या रमीलाबेन कठड्यावरून विचारायच्या,
"दिवाळी तो गई, पाछो चूनो?"

चुना लागायच्या आदल्या रात्री
मी टॉर्च धरून सगळं उतरवून घ्यायचे,
शंभरपानी वह्यांत. चौदा वर्षांची मी.
एक चिन्ह कळत नव्हतं.
उलटा ए होता तिथे उलटा ए काढला,
आडवा आठ होता तिथे आडवा आठ,
आणि डाळीचा शिंतोडा होता तिथे
बराच वेळ विचार करून
एक टिंब.

शिर्के म्हणाला, कळलंय मला कुणाकडून तरी. एकदा भेटव.
रविवारी आला. दादानं दार उघडलं.
(हल्ली उघडतो. गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे तोच लावतो.)
शिर्केनं विचारलं,
"गणित सुचायचं तेव्हा आत काय व्हायचं?"
दादा त्याच्या पायांकडे बघत राहिला.
"तुमच्या चपलेचा अंगठा सुटत आलाय," म्हणाला,
"मांडवीपर्यंत टिकायचा नाही."
आणि दाभण शोधायला आत गेला.

शुक्रवारी शिर्केनं खडूला हात लावला नाही.
अख्खा प्रवेश चप्पल शिवत बसला,
खाली मान घालून, वाक्यं दोऱ्याशी बोलत.
सर खुर्चीतून उठले, परत बसले.
मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि बहीण?
ती पहिल्या अंकात जशी, तशीच तिसऱ्यात. का?"

मी वह्यांचं सांगितलं.
"वा! हा त्याग घेऊ या नाटकात."

त्याग कसला, सर.
मला वाटायचं, कुणीतरी मोठा माणूस येईल,
वह्या उघडेल, चाट पडेल,
आणि विचारेल, हे उतरवलं कुणी?
म्हणून प्रत्येक पुठ्ठ्यावर नाव घातलंय,
ठळक, दोनदा गिरवून:
कु. कुंदा दत्तात्रय प्रधान, नववी ब.
त्याचं नाव कुठेच नाही.

हॉलमधला पंखा ऐकू यायला लागला.
शिर्के सुई हातात धरून तसाच.
पंचेचाळीस वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं,
दादाला तर नाहीच.

घरी आले ती थेट माळ्यावर चढले.
वह्या त्याच्यापुढे ठेवल्या, कसरीसकट.
आता ओरडेल, की वाचेल, की रडेल,
नाटकात असतं तसं काहीतरी.
त्यानं वरची वही दिव्याखाली धरली.
पुठ्ठाच वाचला.
"नववी ब? तू तर अ मध्ये होतीस."

होते, दादा. दिवाळीनंतर घसरले.
"हो का," म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "हो."
आणि उठून
चहा त्यानं ठेवला. साखर विसरला.

प्रयोग पंधरा तारखेला आहे.
दहा वाक्यं तोंडपाठ.
अकरावं अजून बसत नाही,
दर तालमीला तिथेच अडखळते:
"नाही डॉक्टर, मला स्वतःसाठी काहीच नको."