पट्टु

गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर,
मौत का कुआँ आणि मोठा पाळणा यांच्या मधे
पत्र्याच्या स्टुलावर चढून
आमचा बाप पत्त्यांचे कॅट फाडायचा.
पैशासाठी नाही. पैसे कुणी देतही नव्हतं.

"नवा आणा," तो म्हणायचा, "सील तुमच्या हातानं फोडा.
तव्यावर शेकलेला नको.
शेकलेले पत्ते पापडासारखे मोडतात,
त्याला जोर लागत नाही, तोंड लागतं."
गर्दीतून कुणीतरी ओरडायचं,
"फाड की बे, भाषण कशाला!"

कॅट आडवा धरायचा. कडा तिरकी सरकवायची,
जिन्याच्या पायऱ्यांसारखी,
म्हणजे बावन्नजण एकदम अंगावर येत नाहीत,
रांगेत येतात.
डाव्या अंगठ्याचा गड्डा कोपऱ्यावर.
उजवा हात वरून, घोरपडीसारखा.
मग श्वास बंद आणि पिळायचं.
पहिला पत्ता आवाज करत नाही.
चौथ्या-पाचव्यापासून सुरू होतं,
ताग्यावरून टॉवेल टरकावताना होतं तसं,
आणि बदामची राणी कमरेत दोन होते.

तसा तो अंबादास गुर्रम, अक्कलकोट रोडच्या शेडमधला,
चार मागांवर बारा तास.
सूत तुटलं की माग थांबवायचा,
टोक बोटांनी हुडकायचं, गाठ मारायची,
पुन्हा खटखट.
एका दिवसाच्या गाठी मी मोजायला बसले होते,
एकशे चाळीसवर झोप लागली.
आई विडीचं पान कापता कापता म्हणायची,
"जोडायचे पैसे मिळतात. फाडायचे काय मिळतात ते सांगा."
तो सांगत नसे.
रात्री त्याच्या अंगठ्यांना हळद-तेल मात्र तीच लावायची,
गरजेपेक्षा जरा जोरात.

मी नऊ वर्षांची असताना, त्या वर्षी,
एका सरकीच्या व्यापाऱ्यानं दोन कॅट एकावर एक ठेवले.
एकशे चार.
बापानं कडा सरकवली. धरलं. पिळलं.
पाळण्याची दोन चक्करं झाली.
त्याच्या मानेवरची शीर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.
अंगठ्याची कातडी फाटली, पत्ते नाही.
कुठंतरी बघून हसला असता तर चाललं असतं.
पण तो माईकवाल्याकडे गेला, माईक घेतला
आणि सबंध जत्रेला सांगितलं,
"नाही जमलं."

मी फुगा सोडून दिला.
हातातून निसटला असं घरी सांगितलं.

पट्टु म्हणजे पकड, आमच्या तेलुगूत.
पट्टु म्हणजे रेशीमसुद्धा.
रेशीम त्यानं कधी विणलं नाही,
आयुष्यभर टॉवेल, हॉटेलांचे, न्हाव्यांचे,
कुणाकुणाची तोंडं पुसायला.

तो पिळलेला गठ्ठा त्यानं फेकला नाही.
तीन नंबरचा माग थरथरून सरकायचा,
त्याच्या पायाखाली सारला. माग गप्प बसला.
एकोणीस वर्षं.

परवा माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
चौघांनी तीन नंबर उचलला तेव्हा खाली
तेलानं काळी झालेली वीट निघाली.
बाप उकिडवा बसला.
वरचे पत्ते गेले होते, खालचे गेले होते.
मधले त्यानं एकेक सोडवले,
सूत सोडवतात तसे, न फाडता,
आणि फरशीवर मांडत गेला.
सगळ्यांना तोच पीळ, त्याच जागी,
एक्क्याला जेवढा, दुरीला तेवढाच.

ऐंशी-एक भरले.
मी विचारलं, आता?
तो म्हणाला, "वाट."
खुणेवरून पत्ता ओळखायची सोय नव्हती,
खूण सगळ्यांवरच होती.
आई हात धुऊन आली, पदराला पुसले,
पाने लावली, एक उचललं,
आणि पहिल्याच डावात रमी लावून
चहा टाकायला उठली.