शंभर म्हणजे शंभर

०.० चर्चच्या फाटकातून बाहेर, डावीकडे.
अशी सुरुवात होते थर्केटलच्या पत्रकाची.
टाइपरायटर जुना, त्यातलं एक अक्षर
दर ओळीत टुणकन वर उडी मारतं.
तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून
हँडलला बांधतो आम्ही सतराजण
आणि निघतो. एप्रिलचा दुसरा रविवार, सफोक,
थंडी अशी की ब्रेकवर बोटं आहेत
हे मधूनमधून डोळ्यांनी बघून घ्यावं लागतं.

७.४ डुकरांच्या शेतावरून सरळ.
पत्र्याच्या ठेंगण्या कमानी, प्रत्येकीत एक गुलाबी संसार.
१२.१ गारगोट्यांच्या भिंतीशी उजवीकडे,
आणि तो समोर येतो,
करडा, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखा.

इथून कड्याच्या काठाने रस्ता जायचा.
जातो अजूनही, पण खालून :
डांबराची एक लादी, मधल्या पांढऱ्या रेघेसकट,
वाळूत उताणी पडली आहे
आणि एक कुत्रं तिच्यावर उभं राहून भुंकतंय.

दर फेब्रुवारीत थर्केटल मोजायचं चाक ढकलत येतो,
कुंपणापाशी थांबतो, मान लांब करून बघतो,
वहीत लिहितो : वजा एकोणीस.
वजा चार.
दिव्यांचे खांब गेले त्या वर्षी, वजा एकशे बारा.
मग मार्चभर पाईनच्या जंगलात हिंडून
तेवढेच मीटर हुडकून आणतो.
चाळीस वर्षं त्याने खिळे वजनावर विकले.
शंभर किलोमीटरची फी घेतली, म्हणतो,
नव्याण्णव कसे देऊ?

म्हणून जंगलातली आमची वाट
दारू प्यायल्यासारखी चालते.
बर्चच्या घोळक्याला वळसा, वाळक्या नेच्यांतून खाली,
लाकडाच्या वखारीला तर चक्क प्रदक्षिणा.
नवखी पोरं चिडतात, सरळ रस्ता दिसतोय की समोर!
आम्ही पेडल मारत राहतो.
कुठलं वळण कुठल्या वादळाचं, हे आम्हाला पाठ आहे.
पाण्याच्या टाकीपाशी ऑड्री गॅरड हटकून हात सोडते :
हा तुकडा माझ्या आत्याच्या दारासमोरचा बरं का,
सावकाश घ्या,
तिला घंटी वाजवलेली आवडायची नाही.

यंदा जंगलही संपलं त्याचं.
एकही पायवाट उरली नाही दुमडायला.
पत्रकात नवी ओळ :
६१.२ पाणथळीतला बांध. भरती बघून जा.
पाणी असेल तर थांबा.

पाणी होतं.

बांध होता, वीतभर खाली,
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हलत.
दोन्ही बाजूंना बोरूचं रान, माणसाहून उंच,
आणि आत कुठेतरी तो न दिसणारा बगळा
रिकाम्या बाटलीत फुंकर घातल्यासारखा घुमत होता.
आम्ही सायकली टेकवल्या.
कुणी बेदाण्यांचा पाव तोडून वाटला.
माझ्या मीटरवर घड्याळ पळत होतं, अंतर नाही.
किती वर्षांत इतके जण एकत्र
काहीच न करता उभे राहिलो नव्हतो आम्ही.
नवख्यांतला एक, हळूच : हे पण मोजलंय का त्यांनी?
ऑड्रीने त्याला पावाचा टोकाचा तुकडा दिला.

पस्तीस मिनिटांनी रेघ दिसली.
मग रस्त्याची पाठ. मग रस्ता,
शेवाळलेला, तिरपा, एक खेकडा आडवा पळवत.

गावच्या सभागृहात थर्केटल
चहाच्या मोठ्या पिंपामागे बसलेला,
खुबा बदलल्यापासून तो फक्त शिक्के मारतो.
मी मीटर त्याच्यापुढे धरला : १००.०३.
त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला,
आकडा वाचला, परत वाचला.
तीस मीटर जास्त झाले, मी म्हटलं.

असू दे, म्हणाला, शाईवर शिक्का दाबत,
फेब्रुवारीत लागतील.