उडीचं बटण

योकूबास, तुझं मनगट पहिल्याच रात्री ओळखलं मी:
माशी बसायच्या आत गोळी सुटलेली.
सहा वर्षं तू एकटा धावलास
गच्च्यांवरून, जिन्यांतून, पडक्या गोदामांतून,
मेलास की चार सेकंदांत पुन्हा उभा.

इथे बुरूज वळायलाच नऊ सेकंद लागतात.
तुझा माऊस टेबलावरून घसरून खाली पडला
तरी तोफ अजून चर्चकडेच बघत होती.
मग तू विचारलंस,
उडी कुठल्या बटणाने मारायची?
गिंताउतास म्हणाला, उतरल्यावर.

गोळे भरायचं काम त्याचं.
एरवी आलितूसपाशी मधमाश्या पाळतो,
घाई केली की डसतात, एवढंच त्याचं युद्धशास्त्र.
हुकूम सोडणारी औस्मे शाळेत भूगोल शिकवते
आणि आम्हाला सातवी ब समजते.
मी चालवते. दिवसा कौनासची ट्रॉलीबस,
रात्री चाळीस टनांचं हे धूड.
फार फरक नाही. दोन्हींना शेपूट असतं,
नवखे तेच विसरतात.

तूही विसरलास.
पुढे घे, म्हणालास, अजून थोडं, दिसू दे की.
तुझ्या जुन्या खेळात कोपऱ्यातून खांदा बाहेर यायचा,
इथे अख्खं घर बाहेर येतं,
चुलीसकट, माणसांसकट.
एक ठिणगी.
काळ्या पडद्यासमोर चौघं गप्प.
सॉरी, म्हणालास तू,
नवा बूट घालून बघावा तसा तो शब्द.

मला वाटलं होतं, आठवड्यात कंटाळशील.

मग ती धुक्याची रात्र.
नकाशावर धुकं, खिडकीबाहेर नेमुनासवर धुकं,
औस्मेला स्वतःचा हात दिसेना
आणि ते कबूल करायला ती तयार नाही.
तू म्हणालास, इंजिन बंद कर, औद्रोने.
केलं. का केलं, माहीत नाही.
रेव चिरडतेय, म्हणालास. भिंतीपलीकडे, डावीकडे.
जड आहे. एकच आहे. वळतोय.

आम्हाला तर पंख्याची घरघरसुद्धा ऐकू येत नव्हती.
सहा वर्षं तू परक्यांची पावलं ऐकत होतास,
लाकडावरची, पत्र्यावरची, ओल्या मातीवरची.
मनगट नव्हे रे,
तो कान घेऊन आला होतास तू,
आणि आम्ही आपले मनगटालाच हसत बसलो.

तोफ तू नऊ सेकंद आधीच वळवलीस
रिकाम्या जागेकडे.
तिथे काही नव्हतं.
गिंताउतासचा श्वास हेडफोनमध्ये अडकलेला.
तिथे अजूनही काही नव्हतं.
मग आलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. औस्मेने पहिल्यांदाच
शाबास म्हटलं, आणि लगेच जागेवर बसायला सांगितलं.

सांगायचं होतं ते वेगळंच.
आज पहाटे पहिल्या फेरीला, पुलाच्या चढावर,
तारेवरून दांडी निसटायच्या आधी
एक बारीक किर्र आवाज झाला.
बावीस वर्षं तो होतच असणार.
मी ब्रेक लावला.
मागून कोटातला एक माणूस ओरडला,
बाई, मध्येच काय थांबलात?
श्श, म्हटलं मी,
आणि अख्खी बस
उगाचच
ऐकू लागली.