शंभर गाठी

फॉर्मवर माझ्यासाठी एकच ओळ होती:
दोन वेतांमधलं अंतर, सरासरी, महिन्यांत.
विल्यूय नदीच्या त्या काठाला सात घरं, एकोणीस गाई,
आणि थुंकी जमिनीवर पोचायच्या आत खडा होईल
असा जानेवारी.

ओग्दोनं कागदाकडे पाहिलंच नाही.
खुंटीवरून घोड्याच्या केसांचा दोर काढला
आणि माझ्या मांडीवर ठेवला.
महिन्याला एक गाठ.
गाय व्याली की त्या गाठीत वासराच्या शेपटीचे चार केस.
"मोज," म्हणाली, "शिकलेली आहेस."

शेणामातीच्या भिंती, खिडकीला बर्फाची लादी,
लादीतून झिरपणारा निळसर उजेड,
आणि त्यात चुओगुर: ठिपक्यांची, ठेंगणी,
कासेवरसुद्धा लव,
रवंथ करत उभी,
जणू चौकशी दुसऱ्याच कुणाची चालली आहे.

पहिला झुबका काळा, पहिलारू होती तेव्हाचा.
तिथून बारा गाठी, तांबडे केस.
बारा, परत तांबडे.
तेरा. "त्या साली वळू लंगडत होता.
पहिल्या खेपेला उलटली, दुसऱ्या खेपेला फळली."
बारा.

"बारा म्हणजे कसे, ठाऊक आहे ना?
नऊ महिने नऊ दिवस पोटात.
उरले ऐंशी. ते तिचे स्वतःचे.
त्यातही आपण बादली घेऊन खाली बसतोच."

मग माझं बोट चालतच राहिलं.
पंधरा. अठरा. एकवीस.
नुसत्या गाठी, केसांचा पत्ता नाही.
सव्वीस.

"आजार?" मी विचारलं. फॉर्मवर आजाराला चौकट आहे.
"वळू नव्हता?"

तिनं शेणाची पाटी उगाच इकडची तिकडे केली.

"होता की. पलीकडच्याच कुंपणात.
त्या वर्षी कुरण खचलं. जमिनीखालचं बर्फ वितळलं,
गवताच्या जागी तळं आलं, बदकं आली.
माझ्याकडे दोन गंज्या आणि तीन तोंडं.
चौथं तोंड मीच येऊ दिलं नाही.

दर एकविसाव्या दिवशी माजावर यायची.
रात्रभर हंबरायची, दाव्याला हिसके देत.
हा खांब बघ."

खांबाला कमरेच्या उंचीवर खाच होती,
मनगट बसेल एवढी,
गुळगुळीत.

"वीस वेळा.
मी उशी डोक्यावर घ्यायचे आणि मोजायचे.
पुढच्या ऑगस्टात बहीलायच्या बेटावरचं गवत मिळालं,
अर्ध्या वाट्यानं.
त्याच संध्याकाळी दावं सोडलं.
गेली. मागे वळून बघितलं नाही.
का बघेल?"

त्यानंतर बारा. त्यानंतर तेरा.
आठव्या झुबक्यापर्यंत शंभर गाठी बरोबर.
शंभर भागिले सात.
चौदा पूर्णांक काहीतरी, मी लिहिलं.

"चौदा महिन्यांनी कधी व्याली ती?"
ओग्दोनं दोरावरून बोट फिरवत विचारलं.
कधीच नाही.

आज एक तारीख.
दोराचं मोकळं टोक दातात धरून
तिनं नवी गाठ आवळली,
आठव्या वासरानंतरची सातवी,
आणि चुओगुरच्या उजव्या कुशीवर तळवा ठेवून
जरा वेळ तशीच उभी राहिली.
मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

चहात दूध होतं.
शेरा या रकान्यात मी लिहिलं: निरंक.
तसंच लिहायचं असतं.

परतताना गाडीची काच आतून गोठली होती,
किर्गिएले गाडी हाकत होता आणि पुढच्या गावाची नावं विचारत होता.
मी मनात पाढा म्हणत होते.
एकवीस एके एकवीस,
एकवीस दुणे बेचाळीस,
एकवीस त्रिक त्रेसष्ट.

पाढा दहावर संपतो.
चुओगुर वीसपर्यंत गेली होती.