चिंचेने घासलेला डॉलर

मे महिन्याचा दुसरा रविवार, पारा शेहेचाळीस.
झाशी राणी चौकातल्या हॉटेलच्या तळघरात
दोन कूलर घरघरताहेत, वाळ्याचा वास,
आणि मी हातोडी घेऊन उभा
एका बर्फाळ देशाचे पैसे विकायला.

बीव्हर गेला बाराशेला.
युद्धकाळातले बाराकोनी पाच सेंट
छिंदवाड्याच्या राठींनी जिंकले,
बोटाला तर्री तशीच.
(हातमोजे, राठीजी, हातमोजे!)
मग चौपन्नची नोट, जिच्यात राणीच्या केसांत
सैतानाचं तोंड दिसतं म्हणतात.
सगळ्यांनी माना वाकड्या करून शोधलं.
डॉक्टर हरकरेंना दिसलं, किंवा दिसल्यासारखं झालं,
अठरा हजारांना घेतली त्यांनी.
सैतान नसता तर दोनसुद्धा आले नसते.
आमच्या धंद्यात चुकीला भाव आहे.

लॉट एक्केचाळीस.
चांदीचा डॉलर, सन अठ्ठेचाळीस.
माहिती मी रात्री जागून लिहिली होती :
त्याआधी राजाच्या डोक्याभोवती
आणखी दोन शब्द असायचे, आखूड केलेले,
हिंदुस्थानचा सम्राट.
इथे आपण झेंडा बदलला,
तिथे टांकसाळीला ठसे बदलावे लागले,
नवे ठसे यायला उशीर झाला,
त्या वर्षी डॉलर पडले थोडे.
म्हणून दुर्मीळ.
म्हणजे पाहा,
दोन शब्द नाहीत, त्याची किंमत.

वाचताना माझा आवाज जरा चढला.
कोणी टाळी वाजवली नाही.
राठी म्हणाले, "ग्रेड?"

रकान्यात माझंच अक्षर : साफ केलेला.

तिसऱ्या रांगेत इंदूबाई पराते, गोळीबार चौकाच्या,
मांडीवर बिस्किटांचा रिकामा डबा.
भाऊ देविदास अडुसष्टात
सडबरीच्या निकेलच्या खाणीत गेला,
पहिल्या पगाराच्या पाकिटात हा एक डॉलर आला.
चिठ्ठीत एवढंच : जपून ठेव, दुकानदार म्हणे भारी आहे.
तिने जपला.
म्हणजे दर दिवाळीला लक्ष्मीच्या पाटावर मांडला,
आदल्या दिवशी चिंचेने घासून,
कधी राखेने, पुढे पुढे पितांबरीने.
राजाचं नाक गेलं.
मागे होडी आहे, दोघं वल्हवताहेत,
त्यांचे चेहरे चकाकीत विरघळले,
होडीच्या बुडाशी हळद.

देविदास परत आला नाही.
हे मी विचारलं नव्हतं.

"चमकते तं चांगलं नाही का जी?"
मी म्हणालो, बाई, चमक म्हणजे कातडी सोलणं,
काळा पडू द्यायला हवा होता.
"काळी? लक्ष्मी?"
मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी पावती लिहायला घेतली.
डोळ्याच्याच ऑपरेशनसाठी आणला होता तिने तो.

पंधरा हजार. कोणी आहे?
दहा.
टोरंटोचा फोन सुरू होता, तिथे रात्रीचे दीड,
त्याने एकच शब्द विचारला, आणि फोन ठेवला.
आठ?
मागून इतवारीचे सराफ, हात अर्धाच वर :
"चांदीच्या भावात देता का? वजनावर?"
आता मात्र हसले सगळे.

वजनावर, एक वार.
दोन वार.
हातोडी वर होती.

"राहू द्या."
इंदूबाई उभी राहिली होती.
"पाटावर जागा खाली दिसन."

काट्यावरून, मखमलीवरून तिने तो उचलला,
उघड्या बोटांनी, हातमोजे नव्हते,
पदराने पुसला
(मी डोळे मिटले),
डब्यात टाकला. टण्ण वाजला.
"डोळ्याचं पाहू," ती जाता जाता म्हणाली,
मला की त्या होडीतल्यांना,
कळलं नाही.

लॉट बेचाळीस, मंडळी. पंचवीस सेंट,
सांबरासारखं शिंगांचं जनावर, स्थिती उत्तम,
कधीही न हाताळलेलं.
बोली झाली, चढली, संपली.

रात्री हिशेब लिहिताना
एक्केचाळीससमोर काय लिहावं सुचेना.
बोटांना आंबट वास येत होता.
मी तर दिवसभर हातमोजे घातले होते.