मधुबिंदू

अडाण नदीच्या काठचं गाव, देवळाचा माळा,
गोणपाटात गुंडाळलेली सागाची फळी.
नेमासा सुतळी सोडतात:
"पाहून घ्या बाई. लहानपणी भेत होतो मी हिले."

चित्रात विहीर.
विहिरीत वडाच्या मुळीला धरून लोंबणारा माणूस.
नेमासांना सगळं पाठ, पाठशाळेतल्या चालीवर:
हत्ती म्हणजे मरण, तो वर झाड हलवतो,
तळाशी तोंड उघडून अजगर, तो नरक,
चार साप ते चार कषाय,
आणि मुळी कुरतडणारे दोन उंदीर,
"एक पांढरा, एक काळा. शुक्ल पक्ष, कृष्ण पक्ष."

मला तर दोन्ही काळेच दिसतात.

थुंकीइतकं चांगलं द्रावण नाही, असं आम्हाला शिकवलेलं.
पण इथे उष्टं कसं लावणार?
गाळलेलं पाणी, कापसाचा बोळा, बांबूची काडी,
आणि दिवस मावळायच्या आत काम बंद.

तिसऱ्या दिवशी काजळीखालून शेपटी निघाली,
मग पाठ, मग कान.
शंखाच्या भुकटीचा पांढरा, अजून ओला वाटावा असा.
नेमासा खुर्चीवरून उठले.
"आला का शुक्ल पक्ष," म्हणाले,
आणि उगाच खिडकीबाहेर पाहत राहिले,
तुरीच्या धसकटांकडे.

हत्तीच्या पायात पैंजण निघाले.
म्हणजे चितारी मरणावर फार रागावलेला नसावा.
विहिरीची बांधणी इथलीच, काळ्या दगडाची.
काठावर मोटेचं चाकही काढलंय त्यानं,
दृष्टांतात नसलेलं.

राहिला थेंब.
मोहोळापासून माणसाच्या उघड्या ओठांपर्यंत
मी तसू तसू शोधला.
तिथं रंग नाही. काजळीही नाही.
नुसतं लाकूड, गुळगुळीत,
बोटाच्या पेराएवढा खळगा.

"तिथं बोट लावो आम्ही," नेमासा म्हणाले.
"पाठ म्हणून झाला, अन् गुरुजीची पाठ फिरली का.
माह्या बापानंही लावलं असन."
ते हसले नाहीत.

अहवालात एक रकाना असतो: नुकसानीचं कारण.
कीड, ओल, धूर, यांतलं एक निवडायचं.
मी सोनेरी रंग कालवून ठेवला होता,
तो वाटीतच वाळला.

वरच्या कोपऱ्यात, विमानातून वाकलेला विद्याधर
त्या माणसाला म्हणतोय, धर माझा हात, ये वर.
त्याचा हात मला साफही करावा लागला नाही फारसा.
नखांचा लाल रंगसुद्धा शाबूत.
तिथं कुणी बोट लावलेलंच नाही.