गुडघ्याखालचं हवामान

रेडिओवरचा माणूस म्हणतो, रात्री किमान तीन अंश.
खोटं नाही बोलत तो.
त्याचा तापमापक कायानीच्या विमानतळाजवळ,
माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, पांढऱ्या पेटीत.
तिथे कुणी बटाटे लावत नाही.

माझे दोन आहेत.
एक स्वयंपाकघराच्या खिडकीशी, पाहुण्यांसाठी.
दुसरा गवतात आडवा, दोन बेचक्यांवर टेकवलेला.
भिंत आणि गवत यांच्यात चार अंशांचा फरक,
आणि आमचं सगळं पीक
त्या चार अंशांच्या फटीत उगवतं.

माझं नाव इल्मा. आमच्या भाषेत इल्मा म्हणजे हवा.
शाळेची बस चालवली एकतीस वर्षं,
तरी लोक मला रस्ता विचारत नाहीत,
हवा विचारतात.
बर्चचं पान उंदराच्या कानाएवढं झालं का?
सातू पेरावा का?
काकडीची रोपं बाहेर काढू?
मी म्हणते, थांब.
बहुतेक वेळा थांब हेच उत्तर असतं.

तेरा जून. दुपारी सव्वीस.
ओइवाने शर्ट काढून सऱ्यांना भर दिली,
पाठ उकडलेल्या खेकड्यासारखी.
संध्याकाळी वारा पडला.
आभाळ इतकं निवळशंख
की पोटात गोळा आला.
ढग म्हणजे गोधडी, हे इथे पोरांनाही कळतं.

अकरानंतर सूर्य दलदलीमागे टेकतो
आणि तीनच्या आत परत हजर.
अंधार असा पडतच नाही.
थंडी उजेडात येते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत,
दलदलीतून उतारावर, पाण्यासारखी,
कुंपणाखालून.

एक वाजता गवत म्हणालं, शून्य.
मी चादरी काढल्या, जुने पडदे,
सौनाचे टॉवेल, बसच्या सीटची दोन कव्हरं.
माझी स्ट्रॉबेरी झाकून झाली
तेव्हा ओइवा पायरीवर बसलेला दिसला,
हातात गार झालेली कॉफी.
"झाकत नाहीस?"
"दलदल तिचा वाटा घेते."
"तिला मागून तरी घेऊ दे,"
म्हणत मी त्याच्या शेतात शिरले.

तो उठला. मग दोघांनी ओढलं,
एका टोकाला तो, एका टोकाला मी,
न बोलता, लग्नाचा मांडव घालतात तसं.
सातव्या सरीला कापड संपलं.
उरल्या पाच.

तो घरात गेला. बराच वेळ आला नाही.
आला तेव्हा हातात विएनोचा टेबलक्लॉथ,
निळ्या दोऱ्याने काठ भरलेला,
डांबरगोळ्यांचा वास.
फेब्रुवारीत तिला पुरलं तेव्हा जमीन फोडायला
यंत्र आणावं लागलं होतं.
तो सरीच्या टोकाशी उभा राहिला,
कापड उलगडलं,
घडी होती तशी परत घातली.
"इतकी काही थंडी नाही," म्हणाला.

उणे दोन पूर्णांक एक.
मी वहीत तेवढंच लिहिलं.

सकाळी आठला पाच सऱ्यांचा पाला
शिजवलेल्या पालकासारखा काळा, लोंबता.
सात हिरव्या.
मध्ये पट्टी लावून आखल्यासारखी रेघ.
पोस्टमननेही गाडी हळू केली तिथे.

जुलैत पाऊस आला तो नेमका गवत कापल्यावर.
दहा दिवस. त्रेसष्ट मिलीमीटर.
काळ्या सऱ्यांना खालून नवे कोंब फुटले,
उशिरा, आखूड,
शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांसारखे.
रेघ मात्र पुसली नाही.
ऑगस्टपर्यंत तिच्या एका बाजूला फुलं
आणि दुसऱ्या बाजूला विचार चालू.

काल त्याने बादली आणून दिली,
अक्रोडाएवढे बटाटे, साल नखाने निघणारी.
"कुठल्या बाजूचे?" मी विचारलं.
ओइवाने गवताकडे पाहिलं,
नंतर माझ्या दोरीकडे,
तिथे चादरी वाळत होत्या, मातीचे डाग न गेलेल्या.
"उकड आणि सांग," म्हणाला.

उकडले. बडीशेप, लोणी, मीठ.
मला नाही ओळखता आलं.
वहीत लिहायला रकाना नव्हता,
समासात लिहिलं:
आज रात्री ढग. गवत सात अंश.
झाकायचं काही नाही.